आयती भाजणी कीं घरचें दळण?

आमच्या मुलुंडच्या घरांत वडिलांनीं छापून घेतलेली एक लहानशी पुस्तिका आहे. तिचीं पानें आतां हात लावतांच तुटतात. त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवलीं. पण छायाचित्रांत शब्द शोधतां येत नाहींत. छापील अक्षरें ओळखून मजकूर उतरवून देणारी ‘टेसरॅक्ट’ नांवाची आज्ञावली लिनक्सवर विनामूल्य मिळते व तिला मराठीहि वाचतां येतें. ती संगणकावर बसवितांना मला जो धडा मिळाला, तो वाचकांस उपयोगी पडावा म्हणून येथें सांगतों.

लिनक्सवर नवी आज्ञावली दोन वाटांनीं येते. पहिली वाट पॅकेजची. ही जणूं भाजणीची आयती पुडी. सन १९९३ पासून चालत आलेल्या डेबियनसारख्या संस्थेचे स्वयंसेवक मूळ संहिता घेऊन ती यंत्रास चालेल अशी सिद्ध करतात आणि भांडारांत ठेवतात. ‘अ‍ॅप्ट’ला नांव सांगितलें कीं तें भांडाराची सही पडताळतें व लागणारीं इतर पॅकेजेंहि आणतें. पाणिनीच्या सूत्रास मागील सूत्रांतून अनुवृत्तीनें पदें घ्यावीं लागतात, त्यावांचून अर्थ लागत नाहीं, तसेंच हें. टेसरॅक्टलाहि चित्रें हाताळण्यासाठीं ‘लेप्टोनिका’ लागतें.

दुसरी वाट घरच्या दळणाची. मूळ संहिता आणावी. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा घरांत काय आहे व काय नाहीं तें पाहते, ‘मेक’ दळून काढते आणि ‘मेक इन्स्टॉल’ डब्यांत भरते.

नोव्हेंबर २०२१ मध्यें टेसरॅक्टची पांचवी आवृत्ति निघाली. माझ्या डेबियन ११ मध्यें चौथीच होती. मला धीर कोठला! पुढच्याच वर्षीं मीं संहिता आणून दळण घातलें. सर्व सुरळीत झालें असें वाटलें. परंतु पहिल्याच पानाशीं यंत्रानें मराठीची सामग्री सांपडत नाहीं म्हणून हात टेकले. दोन दिवस मी यंत्रालाच बोल लावीत होतों. दोष माझाच होता. पॅकेजनें मराठीची सामग्री ‘यूएसआर’मधील ‘शेअर’च्या कप्प्यांत ठेवलेली, आणि घरीं दळलेली आज्ञावली ती ‘लोकल’च्या कप्प्यांत शोधीत होती. सामग्रीचा पत्ता नीट सांगतांच काम चालू झालें.

पण खरा धोका निराळाच. हातानें बसविलेल्या आज्ञावलीची नोंद अ‍ॅप्टच्या वहींत होत नाहीं. पुढें तिच्यांत एखादें छिद्र आढळलें, तर दुरुस्ती आपोआप येत नाहीं. ती आपणच आठवणीनें करावी लागते. जून २०२३ मध्यें डेबियन १२ आलें आणि त्यांत पांचवी आवृत्ति आयतीच मिळाली. तेव्हां मीं ‘मेक अनइन्स्टॉल’ करून घरचें दळण काढून टाकलें. संहितेची पेटी जपून ठेवली होती म्हणूनच हें साधलें.

म्हणून माझें सांगणें इतकेंच: आधीं पॅकेज पाहावें. त्यानें खरोखरच अडत असेल तरच संहितेस हात घालावा, आणि तिच्यासोबतचें सूचनापत्र आधीं वाचावें. शिकणाऱ्यांस आपल्या शेजारीं पवईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे लिनक्सचे पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात.

वडिलांची पुस्तिका आतां संगणकांत उतरली आहे. अनुस्वार मात्र अद्यापि मलाच डोळ्यांनीं तपासावे लागतात. तें काम मी आनंदानें करतों.