पाच अक्षरे, वीस स्वर

पाचवीतला मुलगा ‘नेम’ हा इंग्रजी शब्द ‘नामे’ असा वाचतो, वर्ग हसतो आणि मुलाला इंग्रजी येत नाही असा शिक्का बसतो. वास्तविक देवनागरीने लावलेली सवयच त्याने पाळलेली असते. लिहिले तसे वाचावे. इंग्रजीत ती सोय नाही. ए, ई, आय, ओ, यू ही तिची स्वराक्षरे पाच. प्रमाण ब्रिटिश उच्चारातील स्वरध्वनी मात्र सुमारे वीस. एकटा ‘ए’ घ्या. ‘कॅट’मध्ये तो ॲ, ‘केक’मध्ये ए, ‘कार’मध्ये आ, ‘वॉटर’मध्ये ऑ. ‘बनाना’त तो तीनदा येतो; मधल्यावर आघात म्हणून तो दीर्घ आ, कडेचे दोन्ही आपल्या ‘अ’जवळचे, पुसट.

हा घोळ मुळात एवढा नव्हता. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, ‘नेम’चा उच्चार जवळजवळ ‘नामअ’ असाच होता. संस्कृत ‘नामन्’शी त्याचे सख्खे नाते आहे, तेव्हा आपल्या विद्यार्थ्याचे वाचन त्या काळच्या लंडनमध्ये कोणी हसण्यावारी नेले नसते! ‘टाइम’मध्ये तेव्हा ई होता, ‘हाउस’मध्ये ऊ. पुढे सुमारे १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांनी आपापल्या जागा सोडल्या. त्याच अवधीत, १४७६ मध्ये, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि छपाईबरोबर शब्दांचे लेखन जुन्या उच्चारांवर हळूहळू गोठत गेले. ‘मशीन’ फ्रेंचमधून मागाहून आला, म्हणून त्यातला ‘आय’ अद्याप ई आहे. शब्दान्तीचा मुका ‘ई’देखील एके काळी बोलका होता. आज तो स्वतः गप्प राहून मागच्या स्वराचा उच्चार तेवढा बदलतो : मॅड–मेड, बिट–बाइट, हॉप–होप. अशा जोड्या मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्याव्यात. नुसती स्पेलिंगे घोकवून काही साधत नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या घरांत आणखी एक अडचण संभवते. हिंदी पुस्तकात ‘बैट’, ‘बैंक’ असे छापतात, कारण हिंदीतला ‘ऐ’ बहुधा ॲ-सारखा उच्चारला जातो. मराठी घरातल्या मुलाचा ‘ऐ’ मात्र ‘अइ’. तो सरळ ‘बइट’ म्हणतो. आपल्याकडे याच ध्वनीसाठी चंद्राची खूण आहे आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने ॲ, ऑ यांना वर्णमालेत रीतसर स्थानही दिले. मुलाच्या वहीत ‘बैट’शेजारी ‘बॅट’ लिहावे आणि दोहोंचा उच्चार एकच, हे त्याला म्हणून दाखवावे.