बंद खोलीतील खून : ‘द केनल मर्डर केस’ (1933)

एस. एस. व्हॅन डाइन यांच्या कादंबरीवर आधारलेला आणि मायकेल कर्टिझ यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकी चित्रपट ‘बंद खोलीचे रहस्य’ या प्रकाराचा, म्हणजे आतून बंद असलेल्या आणि खुनी बाहेर पडूच शकला नसता अशा खोलीत मृतदेह सापडण्याच्या कोड्याचा, नमुनेदार आविष्कार मानावा लागतो. आर्चर को हा संग्राहक कडी लावलेल्या शयनगृहात, हाती पिस्तूल व डोक्यात गोळी अशा अवस्थेत खुर्चीत मृत आढळतो. परंतु शवतपासणीत पाठीतील वार उघड होतो आणि आत्महत्येचा तर्क कोसळतो.

गुप्तहेर फायलो व्हान्सच्या भूमिकेत विल्यम पॉवेल यांचा हा चौथा चित्रपट होता. चावीच्या छिद्रातून ओवलेल्या दोऱ्याने आतली कडी बाहेरून कशी सरकवता येते, याचे प्रात्यक्षिक कॅमेरा अगदी जवळून दाखवतो, त्यामुळे उकल केवळ संवादातून न सांगता प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर सिद्ध होते. दृश्य पुराव्याशी राखलेला हा प्रामाणिकपणाच अवघ्या सव्वा तासाच्या या चित्रपटाचे खरे सामर्थ्य आहे.