वाशी तालुक्यातील शेततळी आणि मत्स्यसंवर्धन

बालाघाट डोंगररांगेतील वाशी हा अवर्षणप्रवण तालुका. येथे मत्स्यसंवर्धनाचे नियोजन तळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा पाणी किती महिने टिकते, यावर करावे लागते. कटला पृष्ठभागालगत, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी अन्न घेत असल्याने त्यांचे एकत्रित संवर्धन शक्य होते. मात्र प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात गाळ नसतो. तेथे मृगळाचे प्रमाण कमीच ठेवावे. पावसाळ्यात मत्स्यजिरे सोडल्यास मासा विक्रीयोग्य होण्यापूर्वीच तळे आटू लागते. त्याऐवजी मोठी बोटुकली सोडणे हितावह. परंतु ती आदल्या उन्हाळ्यात जगविण्यासाठीही पाणी लागतेच. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेचा मूळ हेतू संरक्षित सिंचनाचा होता. त्यामुळे एप्रिलमधील उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिकाचा राहतो, आणि मासे त्याआधीच काढणे भाग पडते.