टेक्ससचे वार्तापत्र : कमानीच्या पोटातला आयत

कमानदार गॅरेजच्या दारासाठी भिंतीत जागा सोडताना टेक्ससचा सुतार आधी कमान आखत नाही, साधा आयत उभा करतो. घराचा सांगाडा लाकडी खांबांचा. दाराच्या रुंदीतले खांब गाळायचे आणि त्यांच्यावर आला असता तो भार एका आडव्या तुळईवर घ्यायचा. तुळई बहुधा लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली असते. तिच्या टोकांखाली आखूड खांब आणि त्यांना चिकटून पूर्ण उंचीचे खांब ठोकतात. दोन मोटारींच्या दाराची रूढ रुंदी 16 फूट. दोन्ही अंगांना आणि माथ्याला दीड इंची फळ्या बसायच्या असतात, म्हणून कच्ची जागा 3 इंच जास्त रुंद आणि दीड इंच जास्त उंच ठेवतात. दार गुंडाळले जात नाही. त्याच्या आडव्या फळ्या रुळांवरून छताखाली सरकतात. त्यासाठी दारावर साधारण फूटभर मोकळी जागा लागते.

कमान येते ती यानंतर. आयताच्या वरच्या दोन कोपऱ्यांत वक्र कापलेले प्लायवूड ठोकले की काम झाले. 16 फूट रुंदीला 2 फूट उठाव हवा असेल तर वर्तुळाची त्रिज्या 17 फूट येते. रुंदीच्या वर्गाला उठावाच्या आठपटीने भागून त्यात निम्मा उठाव मिळवायचा, एवढेच गणित. मागचे दार बहुधा चौकोनीच असते. कोपरे झाकले गेल्यामुळे रस्त्यावरून ते गोल दिसते. डॅलसच्या उपनगरांत बाहेरून विटांचा एकेरी थर चढवतात. या विटांची दारावरची रांगही बऱ्याचदा लोखंडी अँगलवर बसलेली असते.

बिदर जिल्ह्यातल्या भालकीहून मुलाकडे राहायला आलेल्या एका निवृत्त गवंड्याने अशा कमानीवर आतून बोटाने टकटक केली, पोकळ आवाज ऐकला आणि ‘ही तर लग्नाच्या मांडवाची कमान’ असा निकाल दिला. मुलाने घराच्या किमतीचा आकडा सांगितला, तेव्हा म्हाताऱ्याने पुन्हा एकदा टकटक करून पाहिली.

हा निकाल पोकळ नाही. कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद 1367 सालची. तिच्या बाजूच्या ओवऱ्यांतल्या कमानी रुंद असून अगदी बुटक्या आधारांवरून उठतात. कमान माथ्यावरचे ओझे तिरपे खाली ढकलते आणि पाय फाकवू पाहते. पाय जितके आखूड, तितके ते रेटणे आवरायला सोपे. बिदरला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा 1472 चा. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने त्याचा एक भाग उडाला. उरलेल्या भागातल्या कमानी आजही पाहता येतात. अशा कामात लाकूड तात्पुरते. आधी सेंटरिंग उभे राहते, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढत येतात, शेवटी मधला किल्लीचा दगड बसतो. चुना धरला की सेंटरिंग काढायचे आणि मग कमानीने स्वतःच उभे राहायचे. टेक्ससच्या सुताराला ही परीक्षा नसते.

जुन्या वाड्यांतूनही कमानीच्या पोटात चौकोनी सागवानी चौकट सापडते, पण तिथे ओझे दगडावर असते, चौकट फक्त दार धरते. शब्दही सगळ्यांचा एकच: मराठीत कमान, उर्दूत कमान, कन्नडमध्ये कमानु. मूळ फारसी, अर्थ धनुष्य. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर मुंबई राज्यात आणि भालकी म्हैसूर राज्यात गेली तरी गवंड्यांना नवा शब्द शोधावा लागला नाही.

मात्र गावाकडे लोक टेक्ससच्या घरांना ‘लाकडी खोकी’ म्हणून हसतात, ते चूक आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात माती आणि दगडाच्या जाड भिंतींनीच माणसे दडपली. हलका लाकडी सांगाडा अशा वेळी कमी घात करतो. भूकंपानंतर लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा घालण्याचा आग्रह धरला गेला, तोही योग्यच. हसायचे असेल तर बिदरच्या नव्या बंगल्यांना हसावे. लिंटेल सरळ असते आणि त्याखाली विटांचे तुकडे व सिमेंट थापून महिरप काढलेली असते. म्हणजे टेक्ससचीच नक्कल, फक्त जड, आणि प्लॅस्टर सुटले की मोटारीच्या टपावर पडणारी. बाजारातल्या जुन्या दगडी कमानींची गत याहून वाईट: रोलिंग शटरचा ड्रम बसवायला नेमका किल्लीचा दगडच झाकला जातो.

हेवा वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. टेक्ससात दाराचे माप आधी ठरते, भिंत त्या मापाला येते. कारखान्यातून आलेले दार बसते. बिदरला प्लॅस्टर वाळल्यावर शटरवाला टेप घेऊन येतो. वरची आणि खालची रुंदी दोन बोटांनी वेगळी निघते, मग गवंडी सुताराकडे बोट दाखवतो आणि सुतार गवंड्याकडे. साडेपाचशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यांत दगड असे जुळवले जात होते, तिथे काटकोन न जुळणे हे आळसाखेरीज कशाने होत नाही.

गावाकडे कमानदार गॅरेज बांधू पाहणाऱ्यांनी एक माप विसरू नये. मधे 8 फूट उंची आणि 2 फूट उठाव असला, तर कडेला उंची 6 फूटच उरते. टपावर सामान बांधलेली जीप तिथेच अडकते.