कागदांची पिशवी आणि हातातला मोबाईल

आपल्या प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते. खुंटीला अडकवलेली, नाहीतर ट्रंकेत साड्यांखाली ठेवलेली. तिच्यात आईच्या साखरेचे रिपोर्ट असतात, वडिलांचा एक्स-रे असतो, सुनेचे बाळंतपणाचे कार्ड असते. गडमुडशिंगीहून कोल्हापूरला दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाचा खाडा. केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचे, आणि डॉक्टरांपुढे मिळतात दोन मिनिटे. घरी येताना हातात इंग्रजी कागद आणि मनात प्रश्न तसाच राहतो: झालंय तरी काय?

त्याच घरात नातवाच्या हातात मोबाईल असतो. त्या मोबाईलवर आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ‘एआय’, आली आहे. ती या पिशवीतले कागद समजून घ्यायला मदत करू शकते. पण तिचा उपयोग कुठवर करायचा आणि कुठे थांबायचे, हे कळले पाहिजे.

हे आहे तरी काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर गुगलचे जेमिनी आले, व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचा निळा गोल दिसू लागला. चॅटजीपीटी आणि जेमिनीशी मराठीत बोलता येते. टाईप करता येत नसेल तर माइकची खूण दाबून बोला. सुरुवातीला पैसे लागत नाहीत.

मात्र हा डॉक्टर नाही. जगभरचा अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा अंदाज बांधणारे हे यंत्र आहे. म्हणून ते चुकते तेव्हाही अडखळत नाही. खोटी गोष्टही खऱ्यासारखीच छान सांगते. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर इंटरनेटवर फार कमी आहे, त्यामुळे मराठीत जास्त सावध राहावे.

सुरुवात अशी करा

पहिल्या दिवशी आजाराचे काही विचारू नका. तुम्हाला पक्के माहीत आहे ते विचारा. ‘तांबडा रस्सा कसा करतात?’ विचारा, नाहीतर तुमच्या कामातले काही विचारा. उत्तरात कुठे चूक आहे ते तुमचे तुम्हालाच दिसेल. यंत्र किती खरे, किती ठोकून देते, याचा अंदाज येईल.

मग एक रिपोर्ट घ्या. नाव, पत्ता, मोबाईल नंबर बोटाने किंवा कागदाने झाकून फोटो काढा आणि म्हणा: ‘यातला प्रत्येक शब्द साध्या मराठीत सांग. आजार कोणता ते सांगू नकोस.’ उदाहरणार्थ, ‘एचबीए१सी’ म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. तो ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेहाच्या पट्ट्यात येतो, ५.७ ते ६.४ म्हणजे धोक्याची सूचना. ‘हिमोग्लोबिन’ बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे धरतात. यंत्राने वेगळेच आकडे सांगितले तर रिपोर्टवर छापलेल्या आकड्यांशी ताडून बघा.

चिठ्ठीवरच्या खुणाही समजून घेता येतात. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच. पण डॉक्टरांचे हस्ताक्षर मोबाईलला वाचायला लावू नका. गोळीच्या नावातले एक अक्षर चुकले तर दुसरेच औषध होते. ते काम औषध दुकानदाराचे किंवा नर्सबाईंचे.

सर्वात मोठा उपयोग पुढचा. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री सांगा: ‘आईला मधुमेह आहे, पायाला मुंग्या येतात. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न लिहून दे.’ ती यादी कागदावर उतरवून न्या. दोन मिनिटांत नेमके विचारता येते. प्रश्न विचारणारा पेशंट म्हणजे उद्धट पेशंट नव्हे. तो आपला हक्क आहे.

इथे थांबा

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक हकीकत छापली. साठ वर्षांच्या एका माणसाला जेवणातले मीठ बंद करायचे होते. चॅटजीपीटीला विचारून त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला घेतले. तीन महिन्यांनी त्याला भास होऊ लागले, शेजारी आपल्याला विष घालतोय असे वाटू लागले. तीन आठवडे त्याला दवाखान्यात राहावे लागले. माणूस शिकलेला होता. फसला तो यंत्राच्या गोड बोलण्याला.

म्हणून गोळी सुरू करणे, बंद करणे, कमी-जास्त करणे हे मोबाईलला विचारून कधीच करू नका. बीपीची किंवा साखरेची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडली तर पुढे लकव्याची आणि किडनीची पाळी येऊ शकते. लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्या बाबतीत तर आशाताई आणि डॉक्टर, दुसरे कोणी नाही.

छातीत कळ, तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे, दम लागणे, उसाच्या फडात साप चावणे, बाळाने दूध सोडणे: यात एक मिनिटही टाईप करत बसू नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यातले एआय वेगळे

क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे वाचणारे एआय आज वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी त्याला मान्यता दिली. मुंबईतल्या एका कंपनीनेही असे यंत्र बनवले आहे. पण तेसुद्धा फक्त संशय दाखवते. पक्के निदान थुंकीच्या तपासणीनेच होते. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत धुळीत काम करणाऱ्या आपल्या भावांनी दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर तपासून घ्यावे. टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

आधार, बँक पासबुक, ओटीपी यंत्रात टाकू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

रात्री-अपरात्री पोरं-पोरी मनातले दुःख मोबाईललाच सांगत बसतात. यंत्र गोड बोलेल, पण घराचे दार ठोठावायला येणार नाही. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. तिथे माणूस बोलतो.

कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण विहारात ऐकतो. मोबाईललाही तोच नियम लावायचा. या रविवारी वंदना झाल्यावर घरी ती पिशवी उघडा. आजीने कागद काढायचे, नातवाने मोबाईल काढायचा, आणि जे कळले नाही ते वहीत लिहून सोमवारी आशाताईंना विचारायचे.