हवेचे शब्द आणि विजेचे आकडे

जव्हारच्या डोंगराळ भागात एका आश्रमशाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घरोघर भाताचे रोप टाकण्याची घाई असते. मुले सुट्टीच्या दिवशी आईवडिलांबरोबर शेतावर असतात आणि त्याच दिवसांत विजा पडतात. म्हणून हवेचा धडा मी केवळ परीक्षेपुरता घेत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बाई, हवा आणि हवामान एकच ना?” नाही. आज दुपारी ढग आले, ऊन गेले, ही हवा. ती तासातासाला बदलते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भरपूर पाऊस पडतो, हे हवामान. साधारण 30 वर्षांच्या नोंदी पाहून ते ठरवतात.

पृथ्वीभोवती असलेले वायूंचे आवरण म्हणजे वातावरण. कोरड्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. वातावरणाच्या अगदी खालच्या थराला तपांबर म्हणतात. ढग, पाऊस, वादळ सारे याच थरात घडते. येथे दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने कमी होते.

ओले कपडे वाळतात, ते बाष्पीभवन. भाताच्या तपेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, ते सांद्रीभवन. ढगही असेच बनतात. हवेतील बाष्पाचे प्रमाण म्हणजे आर्द्रता. पावसाळ्यात ती वाढते, म्हणून कपडे दोन दोन दिवस ओलेच राहतात.

हवेलाही वजन असते. त्या वजनाचा दाब म्हणजे वायुदाब. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणतात, तिकडे हवा ओढली जाते, वर चढते, थंड होते आणि ढग तयार होतात.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला, की हवामान विभाग त्याला जोरदार पाऊस म्हणतो. म्हणजे तेवढ्याशा जागेवर पंधरा लिटरचे चार हंडे भरून वर थोडे उरते. पाणी वाहणाऱ्या मुलींना हे हिशेब लगेच कळतात.

इशाऱ्याचे रंगही शिकवते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. पण शेतावर रेंज नसते. तेव्हा वीज दिसताच आकडे मोजायचे. आवाज प्रकाशाच्या मागून येतो, सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाखाली थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, “बाई, बाबा आंब्याखाली उभा राहिलेला. मी मोजले, दहाच झाले. मग त्याला ओढत शाळेत आणला.”

आपल्या पाड्यावरच्या मुलांकडूनही हे आकडे एकदा मोजून घ्या.