मांजराच्या नखांसाठी कात्री घेताना

मांजराची नखं कसली कापायची, ते घासून घेतंच की सोफ्यावर, असं मला पुष्कळ लोक ऐकवतात. पशुवैद्य म्हणून माझं त्यावर उत्तर ठरलेलं आहे. तुमचं मांजर वाड्यात, अंगणात, झाडावर हिंडत असेल तर त्याच्या नखांना हात लावू नका. कुत्रं मागे लागलं तर त्याला भिंतीवर चढवणारी ती नखंच. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जाळी लावलेल्या गॅलरीच्या आत जन्म काढणाऱ्या मांजराची गोष्ट वेगळी. त्यातून ते म्हातारं असलं तर फारच वेगळी.

माझ्याकडे एकदा चौदा वर्षांची भाटी आणली होती. लंगडत होती. वय झालं, सांधे धरले असतील, असं घरच्यांना वाटत होतं. पुढचा पंजा उलटा करून पाहिला तर एक नख गोल वळून तळव्याच्या गादीत शिरलेलं आणि आत पू झालेला. बिचारी किती दिवस तशीच चालत होती कोण जाणे. म्हातारपणी मांजर पूर्वीइतकं ओरबाडत नाही. त्यामुळे नखावरची जुनी टरफलं गळून पडत नाहीत आणि नख जाड होत जातं. पुढच्या पंजाच्या अंगठ्याचं नख तर चालताना जमिनीला टेकतच नाही. ते झिजणार कसं?

तेव्हा कात्री हवी. कोणती, हे ठरवायचं तर आधी नख कसं असतं ते पाहू. आपलं नख पसरट, कौलासारखं. मांजराचं दोन्ही बाजूंनी चेपलेलं, विळ्यासारखं वाकलेलं, आणि थरावर थर असलेलं. घरातलं नेलकटर पसरट नखासाठी केलेलं आहे. मोठ्या मांजराच्या जाड नखाला ते दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं तर कापण्याआधी दाबतं. थर सुटतात, नख उभं चिरतं आणि तो दाब आतल्या जिव्हाळीला जाणवतो. जिव्हाळी म्हणजे नखातला तो गुलाबी, जिवंत भाग. रक्त तिथे आणि वेदनाही तिथेच. एकदा दुखलं की मांजर लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी नेलकटर कपाटातून काढायच्या आत पलंगाखाली जातं. लहान पिल्लाची गोष्ट निराळी. त्याचं नख इतकं पातळ असतं, की धारदार नेलकटरनेही भागतं.

माझी पसंती विचाराल तर छोटी कात्री. दिसायला शिवणाच्या कात्रीसारखी, पण पाती आखूड आणि दोन्ही पात्यांना अर्धचंद्राची खाच. त्या खाचेत नख बसतं, निसटत नाही. दोन्ही पाती एकमेकांना घासून जातात म्हणून नख दाबलं न जाता कापलं जातं. शिवाय टोक कुठे आहे ते नीट दिसतं, हा मोठा फायदा.

दुसरा एक प्रकार असतो, त्यात एका कड्यात नख ओवायचं आणि मूठ दाबली की पातं सरकत येतं. तत्त्व आपल्या अडकित्त्याचंच, पातं एकच. धार चांगली असेपर्यंत ते सुरेख चालतं. धार गेली की सुपारी फुटावी तसं नख फुटतं. हे घ्यायचं तर पातं बदलता येतं का, ते विचारून घ्या. आणि वळवळणाऱ्या मांजराचं नख कड्यात ओवणं किती जणांना जमेल, याची मला शंकाच आहे. पकडीसारखी जाडजूड हत्यारं कुत्र्यांसाठी असतात, ती राहू द्या. विजेवर फिरणारी कानसही मिळते, पण तिची घरघर सोसणारं मांजर विरळा.

दुकानात कात्री हातात घेऊन उघडझाप करून पाहा. पाती खिळखिळी नकोत, बोटं कड्यांत अडकायला नकोत. एका हातात पंजा असणार, तेव्हा कात्री एका हाताने सहज चालली पाहिजे. पोलाद न गंजणारं हवं. घरी आणल्यावर कोरड्या जाड शेवया कापून पाहा. तुकडा पडला तर ठीक, चुरा झाला तर परत करा. हे काम मांजराजवळ बसूनच करा, म्हणजे त्या ‘कट’ आवाजाची त्याला सवय होते.

कधीकधी कुणी म्हणतं, डॉक्टर, नखं कायमचीच काढून टाका ना! त्या शस्त्रक्रियेत नख एकटं निघत नाही, बोटाचं शेवटचं हाडही जातं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली. मी ती करत नाही.

कापण्याची रीत सोपी आहे. बोट वरून-खालून हलकेच दाबलं की आत लपलेलं नख बाहेर येतं. उजेडात धरा, गुलाबी जिव्हाळी दिसेल. तिच्यापासून दोनेक मिलिमीटर अंतर सोडून नुसतं वाकडं टोक उडवायचं, तेही कात्रीचं एक पातं नखाच्या वर आणि एक खाली ठेवून. नख काळसर असेल तर अगदी टोकच घ्या. शेजारी वाटीत थोडं कॉर्नफ्लोअर ठेवा. चुकून रक्त आलंच तर ते नखावर दाबून धरायचं. थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

नखं एकूण अठरा, पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार. सगळी एका बैठकीत व्हायला हवीत असं काही नाही. पहिल्या दिवशी चार झाली आणि मांजर मांडीवरून उठून गेलं, तर जाऊ द्या. त्याला सुकटीचा एक तुकडा द्या. उरलेली चौदा उद्या-परवा होतील.